न बांधलेली झोपडी

विस्तीर्ण जलाशयाच्या मध्यावर एखादे एकाकी बेट असावे, त्यावर स्वतःच्या हातांनी उभारलेली एक झोपडी असावी आणि जगाचा कोलाहल पाण्यापलीकडेच थांबावा, ही आधुनिक पाश्चात्त्य साहित्यातील एक बलवत्तर आकांक्षा आहे. १७६५ च्या शरदात रूसोने बिएन सरोवरातील सेंट पीटर बेटावर घालविलेले सुमारे सहा आठवडे हे तिचे एक ठळक आरंभस्थान होय. मोतिए गावी घरावर दगडफेक झाल्यानंतर तो तेथे आश्रयास आला आणि बर्नच्या शासनाने त्याला तेथूनही घालवून दिले. मात्र रूसोने बेटावर काही बांधले नाही. तेथील एकुलत्या एका घरात तो पाहुणा होता. वनस्पती गोळा करणे आणि होडीत पडून लाटांबरोबर वाहत जाणे, एवढाच त्याचा व्यवसाय होता. एकांताला बांधकामाची, म्हणजेच श्रमाची आणि खर्चाची जोड मिळाली ती पुढे ८० वर्षांनी, आणि तीही बेटावर नव्हे, तळ्याच्या काठावर.

हेन्री डेव्हिड थोरो याने मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी बांधलेली खोली सर्वश्रुत आहे. १८४५ च्या मार्चअखेरीस त्याने उसनी कुऱ्हाड घेऊन पाइनची झाडे तोडावयास प्रारंभ केला, ४ जुलैला तो तेथे राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिन्यांनी परतला. खोलीची लांबी १५ फूट, रुंदी १० फूट. जमीन इमर्सनच्या मालकीची. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’मध्ये फळ्या, खिळे, जुन्या विटा आणि काचेसह घेतलेल्या दोन जुन्या खिडक्या या प्रत्येकाची किंमत त्याने नोंदविली आहे. चिंतनपर ग्रंथात असा हिशेबाचा तक्ता घालणे हे केवळ वैचित्र्य नव्हे. निवारा या गोष्टीची माणसाला नेमकी किती किंमत मोजावी लागते, हाच त्या ग्रंथाचा प्रश्न आहे आणि तक्ता हा त्याच्या युक्तिवादाचा अविभाज्य भाग आहे.

या ग्रंथातील एक उतारा वडिलांनी वाचून दाखविला आणि विल्यम बटलर येट्सच्या किशोर मनाने तोच बेत आयर्लंडमध्ये पार पाडावयाचे ठरविले. स्लायगोजवळील लॉख गिल या सरोवरात इनिसफ्री नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथे झोपडी बांधून थोरोसारखे राहावे, हे स्वप्न त्याने वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंत जपले, असे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. १८८८ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून जाताना एका दुकानाच्या काचेआड कारंज्याची बारीक धार दिसली, पाण्याचा आवाज कानी आला आणि त्या स्मरणातून ‘द लेक आइल ऑफ इनिसफ्री’ या कवितेचा उगम झाला. डिसेंबर १८९० मध्ये ती ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’मध्ये प्रसिद्ध झाली. झोपडी मात्र कधीच उभी राहिली नाही.

भारतातील इंग्रजीच्या वर्गांत ही बारा ओळींची कविता दीर्घकाळ शिकविली गेली, ती ‘शहराकडून निसर्गाकडे’ या ठरीव शीर्षकाखाली. हे वाचन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यामुळे कवितेतील सर्वांत बोलका तपशील हातून निसटतो. हा तपशील म्हणजे झोपडी कशाची बांधावयाची हा होय.

येट्सने याच सुमारास लिहिलेली आणि १८९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेली ‘जॉन शर्मन’ ही लघुकादंबरी येथे साक्षीला घेता येते. तिचा नायकही लंडनच्या रस्त्यावर कारंजे पाहून इनिसफ्रीच्या आठवणीत हरवतो. त्यालाही बेटावर जाऊन राहावयाचे आहे. मात्र त्याच्या स्वप्नातील झोपडी लाकडी आहे, थोरोच्या खोलीसारखी. कवितेत ती लाकडाची राहिलेली नाही. तेथे माती आली, विणलेल्या काठ्यांचा कूड आला. थोरोचे अनुकरण करू पाहणाऱ्या कवीने नेमक्या याच ठिकाणी थोरोला का सोडले?

याचे उत्तर आयर्लंडच्या इतिहासात आहे. मातीच्या भिंतींची एकखणी झोपडी हे तेथे निसर्गसान्निध्याचे प्रतीक नव्हते, तर भूमिहीनांचे घर होते. १८४१ च्या जनगणनेने घरांचे चार वर्ग पाडले. त्यांतील चौथा आणि शेवटचा वर्ग म्हणजे अशा झोपड्या आणि त्यांची संख्या जवळजवळ पाच लाख होती. १८४५ च्या शरदात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळ सुरू झाला आणि १८५१ च्या जनगणनेत या वर्गातील घरे सुमारे १ लाख ३५ हजारच उरली. जी घरे नाहीशी झाली त्यांतील माणसे उपासमारीने व तापाने मेली, जमीनमालकांनी हुसकून लावली किंवा जहाजात बसून अमेरिकेस गेली. येट्सचा जन्म १८६५ चा, प्रोटेस्टंट मध्यमवर्गातला. तो वाढत असताना, १८७९ ते १८८२ या काळात, कुळांचा जमीनमालकांविरुद्धचा लढा देशभर चालू होता. अशा देशात मातीची झोपडी आणि घेवड्याच्या मोजक्या ओळी यांचे चित्र रेखाटणे म्हणजे, कवीला जाणवो वा न जाणवो, कुळाचे खोपट आणि कुळाचा तुकडा उचलून कुळाला मात्र बाहेर ठेवणे होय. ओळींची संख्या नऊ. मधमाश्यांचे पोळेही एकच. हे आकडे थोरोच्या हिशेबाची आठवण करून देतात खरे, पण थोरोच्या घेवड्याच्या ओळी एकमेकींना जोडल्या तर सात मैल भरत आणि त्या खुरपताना त्याची पाठ मोडे. त्या पिकातून त्याला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट निव्वळ उरले. येट्सच्या नऊ ओळींवर घाम सांडलेला नाही. त्या लयीसाठी आहेत.

तथापि, यावरून थोरोला प्रामाणिक आणि येट्सला स्वप्नाळू ठरवून मोकळे होता येणार नाही. कारण थोरोच्या फळ्या कोठून आल्या, हाही प्रश्न विचारावाच लागतो. त्या एका आयरिश मजुराच्या झोपडीतून आल्या. फिचबर्ग रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्सकडून थोरोने ती झोपडी ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली. ठरले असे, की कॉलिन्सने पहाटे पाच वाजता जागा सोडावी आणि थोरोने सहा वाजता ताबा घ्यावा. सहा वाजता ते कुटुंब त्याला रस्त्यातच भेटले. अंथरूण, कॉफीची चक्की, आरसा, कोंबड्या असा सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात होता. मांजर तेवढे मागे राहिले. ते रानात गेले आणि पुढे सापळ्यात पाय पडून मेले. थोरोने फळ्या उपटल्या, छोट्या गाडीने तळ्याकाठी नेल्या आणि उन्हात पसरल्या.

साहित्येतिहासातील हा योगायोग विलक्षण आहे. ज्या वर्षी आयर्लंडमध्ये दुष्काळ उतरला, त्याच वर्षीच्या वसंतात एका आयरिश स्थलांतरिताचे घर मोडून एका विचारवंताचे एकांतस्थान उभे राहिले. त्या एकांताचे वर्णन वाचून पुढे एका आयरिश कवीने स्वदेशातील गरिबाचे घर आपल्या एकांतासाठी कल्पनेत बांधले. निरुपायाने पत्करलेला निवारा दोन्ही वेळा सुशिक्षिताने स्वेच्छेने निवडला. थोरोने निदान तो व्यवहार लिहून ठेवला. कॉलिन्सविषयी त्याला विशेष कणव वाटते असे नाही, आयरिश मजुरांविषयीचे त्याचे शेरे पुष्कळदा तुसडे आहेत. परंतु गाठोडे, चक्की आणि मांजर यांना त्याने ग्रंथातून वगळले नाही. लेखकाच्या सहानुभूतीपेक्षा त्याची नोंद अधिक विश्वासार्ह ठरावी, असे हे उदाहरण आहे.

मग येट्सच्या बाजूने काय शिल्लक राहते? त्याच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. तरुणपणी तो एकदा रात्री चालत इनिसफ्रीसमोरच्या स्लिश वनात गेला आणि खडकाच्या एका कंगोऱ्यावर निजला. परंतु झोप आली नाही. वनाचा रखवालदार येईल, हटकेल, आपण काय उत्तर द्यावे, याच विवंचनेत रात्र गेली. पहाटे समोर बेट दिसले आणि तो घरी परतला. मालकीच्या जगातून बाहेर पडावयास निघालेल्या कवीला रात्रभर जागे ठेवले ते मालकीनेच. कवितेत रखवालदार नाही. तरीही कवितेचा शेवट बेटावर होत नाही. अखेरच्या कडव्यात कवी उभा आहे तो शहरातल्या करड्या फरसबंदीवर. जाण्याचा निश्चय उच्चारला गेला आहे, पाऊल मात्र उचललेले नाही. झोपडी न बांधल्याची ही अप्रत्यक्ष कबुली कवितेने स्वतःच दिली आहे, आणि या कबुलीमुळेच ती पलायनाची कविता न राहता अडकलेल्या माणसाची कविता होते. पुढे येट्सने या कवितेतील जुनाट शब्दकळेविषयी आणि शेवटच्या कडव्यातील शब्दक्रमाविषयी असमाधान व्यक्त केले. शेवटच्या कडव्यातील ही जागा मात्र त्याने सोडली नाही.

येट्सने पुढे घर उभारले ते बेटावर नव्हे. १९१७ मध्ये त्याने गॉल्वे परगण्यातील एक जुना दगडी मनोरा ३५ पौंडांना घेतला आणि दुरुस्त करून त्यात उन्हाळे काढले. मराठी वाचकाला मात्र आणखी एक धागा जवळचा वाटेल. १९३४ मध्ये भगवान श्री हंस यांचे मानससरोवर आणि कैलास यांच्या यात्रेचे कथन इंग्रजीत आले. अनुवाद मूळ मराठीवरून होता, अनुवादक विदर्भातील बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी होते आणि प्रस्तावना येट्सची होती. पुढे याच दोघांनी मायोर्का बेटावर उपनिषदांचा अनुवाद केला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटाच्या एकांतात राहू इच्छिणारा कवी सत्तरीत खरोखरच बेटावर राहिला, पण एकटा नव्हे. सोबत दुसऱ्या भाषेचा माणूस होता, आणि हातात अरण्यात रचल्या गेलेल्या ग्रंथांचे काम होते.

‘वॉल्डन’ मराठीत आणले दुर्गाबाई भागवत यांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. येट्सची कविता मराठीत आणू पाहणाऱ्यास मात्र पहिल्याच कडव्यात अडावे लागते. तेथील निवाऱ्याला काय म्हणावे? ‘कुटी’ म्हटले तर ऋषी येऊन बसतो, ‘पर्णकुटी’ म्हटले तर वनवास येतो, ‘मठी’ म्हटले तर संन्यास येतो. ‘झोपडी’ म्हटले तर मात्र दारिद्र्य येते, आणि कारवीचा कूड शेणामातीने लिंपून केलेली ‘खोप’ म्हटले तर सह्याद्रीतील ठाकर-कातकऱ्यांचा पाडाच डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्रजी शब्दात हे अर्थ एकमेकांत विरघळू शकतात; मराठीत त्यांतील एक निवडावाच लागतो. अनुवादकाची ही अडचण समीक्षकाच्या उपयोगाची आहे. ज्या प्रश्नावरून कविता अलगद निघून जाते, तोच प्रश्न भाषा येथे थांबवून विचारते: हे घर कोणाचे?

एकांताच्या साहित्याचे मूल्यमापन लेखकाने खरोखर झोपडी बांधली की नाही, यावरून करता येत नाही. रूसोने बांधली नाही, थोरोने बांधली, येट्सने बांधली नाही. तिघांचे लेखन टिकले. पाहावयाचे ते एवढेच, की त्या एकांताची किंमत कोणी मोजली याची खूण लेखनात उरली आहे काय. ‘वॉल्डन’मध्ये ती रस्त्यावरील गाठोड्याच्या रूपाने उरली आहे, येट्सच्या कवितेत ती फरसबंदीवर थबकलेल्या पावलांत आहे. विद्यार्थ्याने ही कविता निसर्गकविता म्हणून अवश्य वाचावी, मात्र वाचताना पहाटे पाच वाजता घर सोडून निघालेले कॉलिन्स कुटुंब विसरू नये.