बकासुराकडे पाळी कोणाची? ‘अटॅक ऑन टायटन’ नगरमधून वाचताना

जपानी चित्रकथेवर व्याख्यान म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या आवारात एक चक्कर मारा. दोन पंखांचं, ढालीसारखं चिन्ह असलेला टी-शर्ट दिसेल. तो घालणाऱ्या पोराला विचारा, तो तुम्हाला तासभर सोडणार नाही. ज्या गोष्टीनं एका पिढीला राक्षस म्हणजे काय, शत्रू म्हणजे काय हे शिकवलंय, ती गोष्ट समीक्षेच्या बाहेर ठेवणं आम्हाला परवडणारं नाही. तेव्हा आज हाजिमे इसायामा यांची ‘शिंगेकी नो क्योजिन’, म्हणजे आपली मुलं जिला ‘अटॅक ऑन टायटन’ किंवा नुसतं ‘ए-ओ-टी’ म्हणतात, ती घेऊ.

आधी माहिती, थोडक्यात. ही मांगा २००९ च्या सप्टेंबरपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंत कोदान्शाच्या मासिकात येत होती. १३९ प्रकरणं, ३४ खंड. तिच्यावरची ॲनिमे २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात संपली. पुस्तकांचा खप दहा कोटी प्रतींच्या पुढे गेला. सुरुवात केली तेव्हा इसायामा विशीतले होते. त्यांचं गाव ओइता प्रांतातलं ओयामा, चहूबाजूंनी डोंगर. त्या डोंगरांतूनच भिंतीची कल्पना आली असं ते सांगतात. आता तिथल्या धरणाखाली कथेतल्या तीन मुलांचे पुतळे बसवलेत, धरणाच्या भिंतीकडे वर बघणारे. भंडारदऱ्याच्या धरणाखाली कधी उभे राहिला असाल, तर ती मान वर करून बघण्याची भावना वेगळी समजावून सांगायला नको.

कथा अशी. माणसांना खाणारे अवाढव्य राक्षस जगभर पसरलेत. उरलीसुरली माणसं पन्नास मीटर उंच अशा तीन भिंतींच्या आत राहतात. बाहेरची भिंत मारिया, मधली रोझ, आतली शीना. शंभर वर्षं निवांत जातात. मग कथेतल्या ८४५ साली भिंतीपेक्षाही उंच एक राक्षस येतो, वेशीला लाथ घालतो आणि बाहेरची भिंत जाते. एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याची आई खाल्ली जाते. एकूणएक राक्षस मारीन अशी शपथ तो घेतो. पुढे सैन्यात भरती, कमरेला गॅसच्या नळकांड्या आणि तारा बांधून हवेत झेपावणं, राक्षसाच्या मानेवर मागून घाव घालणं. इथपर्यंत हे चोख साहस आहे, आणि पुष्कळ वाचक इथपर्यंतच वाचतात. त्याकडे शेवटी येऊ.

एक शब्दाची गोष्ट मात्र आत्ताच. इंग्रजीनं ‘टायटन’ केलं, आपण ‘राक्षस’ म्हणतो. मूळ शब्द आहे ‘क्योजिन’. ‘क्यो’ म्हणजे प्रचंड, ‘जिन’ म्हणजे माणूस. म्हणजे लेखकानं पहिल्या दिवसापासून मुखपृष्ठावर लिहून ठेवलंय की बाबांनो, हा माणूसच आहे, आकारानं मोठा. भाषांतरात हा धागा तुटला आणि आपण तो राक्षस म्हणूनच पाहत राहिलो. चित्रं नीट पाहिली तर मात्र शंका येतेच. सुरुवातीच्या खंडांतलं चित्रण कच्चं आहे, हात-पाय बेतशीर नाहीत, हे मान्य. पण राक्षसांचे चेहरे? ना शिंगं, ना सुळे. लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या अनोळखी पाहुण्यासारखा चेहरा, उगीच हसणारा. इसायामांनी सांगितलंय की नेट कॅफेत काम करताना समोर आलेल्या एका दारुड्या गिऱ्हाइकावरून त्यांना हे सुचलं: समोर माणूस आहे, पण त्याच्याशी बोलता येत नाही. आमच्या मते या मांगातली खरी भीती ही आहे. दात हा पुढचा भाग झाला.

आता ज्या जागेसाठी आम्ही हा विषय निवडला तिथे येतो.

बाहेरची भिंत पडल्यावर तिथले निर्वासित मधल्या भिंतीच्या आत येतात. धान्य पुरेना होतं. मग पुढच्या वर्षी, ८४६ मध्ये, सरकार ‘मारिया परत घेण्याची मोहीम’ काढतं आणि अडीच लाख माणसांना राक्षसांच्या मुलखात पाठवतं. एकूण लोकसंख्येच्या २० टक्के. परत येतात ते शंभराहून थोडे अधिक. उरलेल्यांचा धान्याचा प्रश्न सुटतो. मंडळी, ही सगळी हकिगत पुस्तकात मोजक्या चौकटींत आटोपते! पुढे पिक्सिस नावाचा सेनापती पळायला निघालेल्या सैनिकांसमोर ती बोलून दाखवतो: ते गेले म्हणून आपण जगलो, हे पाप आपल्या सगळ्यांचं आहे, माझंही. भाषण जबरदस्त आहे. पण त्याचा उपयोग काय होतो? सैनिक परत रांगेत उभे राहतात. अडीच लाखांचं मरण हे पुढच्या लढाईचं इंधन होतं, आणि कथा वेगानं निघून जाते.

आपल्याकडची बकासुराची गोष्ट आठवा. एकचक्रा नगरीनं राक्षसाशी करार केलेला. गाडाभर अन्न आणि एक माणूस, आणि पाळी घरोघर फिरणार. करार भयंकरच आहे. पण त्यात पाळी आहे, आणि पाळी ब्राह्मणाच्याही घरी येते. त्या घरात जो संवाद होतो, बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, लहान मुलंही मागं हटत नाहीत, तो महाभारतकारानं ऐसपैस लिहिलाय. भीम येईपर्यंत कोण मरणार हा प्रश्न त्यानं लांबवलाय. इसायामांच्या राज्यात पाळी फिरत नाही. ती आधीच ठरलेली असते. जो सगळ्यात बाहेरच्या भिंतीजवळ राहत होता, ज्याचं घर आधीच गेलंय, त्याचीच पाळी.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रसंग वाचताना १९७२ आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांच्या तोंडी आजही तीन शब्द हमखास येतात: सुकडी, मिलो आणि खडी. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, सगळीकडे माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ऊन होतं, मजुरी तुटपुंजी होती, मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. कोणी त्याला रामराज्य म्हणणार नाही. पण जास्तीची तोंडं झाली तर त्यांचं काय करायचं, या प्रश्नाला तिथे एक वेगळं उत्तर दिलं गेलं: तोंडासोबत दोन हातही असतात, त्यांना काम द्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात बसली आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाली. तो कायदा मोर्च्यांच्या रेट्याशिवाय झाला नाही, हेही तितकंच खरं.

आमचा आक्षेप असा. ‘जगायचं तर कोणाला तरी बाहेर ढकलावंच लागतं’ हे सर्वनाशाच्या कथांचं गृहीतक असतं. राक्षस आले की नीती गुंडाळून ठेवायची, कारण इलाज नाही. इसायामा हे गृहीतक तपासतील असं त्या चौकटींत क्षणभर वाटतं, आणि ते तपासत नाहीत. निर्णय घेणारी सभा दाखवत नाहीत, धान्याचा हिशेब दाखवत नाहीत, शीनाच्या आतल्या सरदारांच्या कोठारात किती होतं तेही नाही. पुढे तिथला राजा बाहुलं होता हे उघड होतं, सत्तापालटही होतो, पण त्या अडीच लाखांचा जाब त्या उलथापालथीत कोणी विचारत नाही. भिंतीबाहेरच्या राक्षसापेक्षा आम्हाला त्या कोठाराचं कुलूप पाहायचं होतं.

जाता जाता बिबट्याबद्दल. आपल्याकडे ‘माणसं विरुद्ध हिंस्र श्वापद’ ही कथा छापून येते ती संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगावच्या उसातून. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं असलेल्या शेतीच्या मुलखात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे आढळले. खाण्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यात मोठा. म्हणजे भिंत नाहीच. तो आपल्या आतच राहतो, आणि वाघोबाला शेंदूर लावणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. पण रात्री भीती कोणाला? सिमेंटच्या बंगल्यातल्या बागायतदारापेक्षा फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या लेकराला जास्त. पुन्हा तेच. बाहेरच्या भिंतीजवळ कोण राहतो ते बघा, मग राक्षसाचा प्रश्न कळतो.

आणि आपला भुईकोट. भिंतीची गोष्ट नगरमध्ये सांगायची आणि किल्ल्याचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला. पुढच्या फेब्रुवारीत सुरुंगानं तटाचा एक भाग उडाला. चांदबिबी त्या खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण दोन गोष्टी आपण हळूच गाळतो. मुरादला बोलावणं पाठवलं होतं निजामशाहीच्याच मियाँ मंजूनं, दरबारातल्या दुफळीत बाहेरची मदत हवी म्हणून. आणि १६०० साली पुन्हा वेढा पडल्यावर चांदबिबीला मारलं ते मोगलांनी नाही. ती शत्रूशी वाटाघाटी करतेय अशी हूल उठली आणि आपल्याच लोकांनी तिला संपवलं. थोड्याच काळात किल्ला गेला. याच निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन बहिरी हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा, असं फेरिश्ता सांगतो. आतला कोण, बाहेरचा कोण, हे तटावरून ओरडून सांगण्याइतकं सोपं या शहरात कधीच नव्हतं.

इसायामांचं मोठेपण इथे आहे, आणि ते आम्ही हातचं राखून सांगणार नाही. (न वाचलेल्यांनी इथे कान झाकावेत.) मांगाच्या उत्तरार्धात कळतं की राक्षस म्हणजे एल्डियन लोकच. मार्ले नावाच्या देशानं इंजेक्शन देऊन बनवलेले. ज्यांना मारण्यात एरेनचं तारुण्य गेलं, ते त्याचे जातभाई होते. भिंतींतल्या लोकांची आठवणच एका राजानं पुसली होती. आणि ९१ व्या प्रकरणात लेखक आपल्याला उचलून थेट शत्रूच्या देशात नेऊन ठेवतो. तिथेही एल्डियन आहेत, दंडाला पट्टी बांधून वस्तीत कोंडलेले. तिथली गाबी नावाची पोरगी भिंतींतल्या लोकांना सैतान समजते, अगदी एरेन राक्षसांना समजायचा तसं. ती आपल्या लाडक्या साशाला गोळी घालते. मग फिरत फिरत साशाच्याच आईबापाच्या शेतावर येऊन जेवते. सत्य बाहेर पडल्यावर शिकारी असलेला बाप सूड घेत नाही. पोरीला त्यानं आधी साध्या शिकारीच्या जंगलात वाढवलं, मग ती माणसं मारण्याच्या जंगलात शिरली, निदान लेकरांना तरी या जंगलाबाहेर ठेवायला हवं, असं काहीसं तो बोलतो. अख्ख्या मांगात याहून धाडसी पान आम्हाला सापडलं नाही. आणि तिथे एकही राक्षस नाही.

मग शेवट. एरेन भिंतींत चिणलेले महाकाय राक्षस बाहेर काढतो आणि जग तुडवत निघतो. जगातली ८० टक्के माणसं मरतात. १३१ व्या प्रकरणात तुडवला जाणारा रामझी नावाचा निर्वासित पोरगा लेखकानं नावानिशी दाखवलाय. तिथे त्याची लेखणी डगमगली नाही. पण १३९ व्या प्रकरणात जगबुडी झाल्यावर दोन मित्र बोलत बसतात, आणि आर्मिन त्या हत्याकांडाबद्दल एरेनचे आभार मानतो. आमच्यासाठी केलंस, अशा अर्थानं. हे वाचून जगभरचे वाचक भडकले ते उगाच नाही. ॲनिमेत तो संवाद बदलला, आर्मिननं पापाचा वाटा स्वतःकडे घेतला. म्हणजे चूक कुठे होती ते कळलं होतं. आमचं म्हणणं एवढंच की ही चूक शेवटच्या प्रकरणात जन्मलेली नाही. ८४६ च्या त्या मोजक्या चौकटींत तिचं बी आहे. अडीच लाख गेले तेव्हा ‘ते गेले म्हणून आपण जगलो’ असं म्हणून पुढे सरकता आलं, तर ८० टक्के गेल्यावरही येणारच.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘मुलगा आठवीत आहे, मागतोय, द्यावी का?’ ताई, रक्त फार आहे, आणखी दोन-तीन वर्षं थांबलात तर बरं. पण तो मोबाईलवर आधीच बघत असेल तर थांबवू नका, उलट पुढे न्या. पहिले दहा-बारा खंड वाचून जो थांबतो त्याच्या हाती फक्त राक्षस मारण्याची शपथ राहते. त्याला गाबीपर्यंत पोहोचवा. आणि ८४६ चं पान आलं की त्याच्या आजीला शेजारी बसवा, मिलोच्या भाकरीची चव कशी होती ते तिला सांगू द्या. पुढची चिठ्ठी घ्या.