युक्ताहार आणि वजनकाटा

काही वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात जेवणावरून जणू दोन संप्रदाय झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, दिवसातून दोनदा, आणि 55 मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणत, थोडे थोडे पण वरचेवर खा, घरचे खा, तुपाला भिऊ नका. दिंडीत टाळ गळ्यात असलेली माणसेही यावर हमरीतुमरीवर येत.

दोघांच्या सांगण्यात घेण्यासारखे आहे. दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला आणि लोकांचे येता-जाता चरणे थांबवले. (भरल्या पोटी वरचा सूर लागत नाही, हे आम्हा कीर्तनकारांना गुरुजींनी आधीच बजावले होते.) दिवेकरांनी आजीच्या वरणभाताला मान परत दिला. माझा आक्षेप ऐकणाऱ्यांवर आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार सांगितला, त्याच श्लोकात विहार, कर्म, झोप आणि जागरणही युक्त असावे असे सांगितले. युक्त म्हणजे बेताचे, आणि जोडलेलेही. आपण त्यातला आहार तेवढा उचलला आणि तो वजनकाट्याला जोडला. दिवसभर चिंतन चालते ते पोटाच्या घेराचे. खादाडाचेही चित्त अन्नातच, पथ्यवाल्याचेही अन्नातच.

मी राहतो त्या पन्हाळ्याचेच पाहा. गडावर अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती नावाची धान्यकोठारे उभी आहेत. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तो काही महिने चालला. अशा वेळी कोठारातला दाणा म्हणजे प्राण. खाली डोंगरउतारावर नाचणी पिकते. आमच्या लहानपणी पाहुणा आला की नाचणीची भाकरी झाकून ठेवत आणि उसनवारीने तांदूळ आणून भात घालत, कारण नाचणी गरिबाची. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, आणि तीच नाचणी बिस्किटाच्या चकचकीत पुड्यात बसून दुकानात आली. तिला मान मिळाला याचा आनंद आहे. पण पुडा घेणाऱ्याला आंबील कशी करतात ते ठाऊक नसते.

आपणही फार शहाणे नाही. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिकडचाच. तरी दुप्पट खाऊन आपण उपवास म्हणतो.

मला खरी काळजी आहे ती पंगतीची. वारीच्या वाटेवर एखादी माउली रात्रभर खपून भाकरी थापते, आणि पानावरचा तरुण मोबाईल पाहून म्हणतो, माझी वेळ झाली नाही. ती परात घेऊन तशीच पुढे सरकते. मधुमेह असणाऱ्याने शिरा नको म्हणावे, त्यात काही दोष नाही. त्याने पंगतीत बसून चतकोर भाकरी आणि आमटी घेतली, तरी तिला पुरते.