शततंत्री आणि ल्यानेरा : वाद्यांच्या स्थलांतराविषयी

एखादे प्रादेशिक वाद्य अभिजात संगीतात गेले की त्याची ‘उन्नती’ झाली, असे म्हणण्याची मराठी संगीतसमीक्षेला जुनी सवय आहे. सनई लग्नमंडपातून मैफलीत आली, संतूर काश्मीरच्या खोऱ्यातून मुंबईच्या व्यासपीठावर आले, हे सांगताना वाद्य खालून वर चढले असे गृहीतच धरलेले असते. चढताना त्याने काय खाली ठेवले आणि ज्या संगीतात ते गेले त्या संगीताला त्याने काय करायला लावले, याची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक समीक्षेचा विषय तोच आहे.

शिवकुमार शर्मा यांनी 1955 साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात संतूर वाजवले, तेव्हा जाणकारांचा आक्षेप वादकाबद्दल नव्हता, वाद्याबद्दल होता. (संतूर हे काटेकोर अर्थाने लोकवाद्यही नव्हे. सूफियाना मौसिकीला स्वतःचे मकाम आहेत, ताल आहेत. पण तेथे संतूरचे काम मुख्यतः गायनाला साथ देण्याचे.) पंचवीस घोड्या, प्रत्येकीवर चार तारा, म्हणून शततंत्री. तारेवर कलम पडली की स्वर उमटतो आणि उमटताक्षणीच विरू लागतो. मींड नाही, आस नाही. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात वितळत जाणे हाच ज्या संगीताचा प्राण, त्या संगीतात सुटे सुटे ठिपके देणारे वाद्य काय करणार, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता.

शर्मांनी दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. वाद्य लाकडी बैठकीवरून मांडीवर आले, तारांची मांडणी बदलली, कलम तारेवर हलकेच सरकवून स्वर अखंड भासावा असे तंत्र सिद्ध झाले. या तंत्राचे कौतुक करताना त्यांचा आलाप ‘गायकी अंगाचा’ झाला, असे म्हटले जाते. कौतुक रास्त आहे, परंतु ते चुकीच्या जागी पडते. त्यांच्या वादनात संतूर खऱ्या अर्थाने स्वतःच्या भाषेत बोलू लागते ते जोड आणि झाल्यात, रूपक किंवा झपतालातील गतींमध्ये. म्हणजे ते आघाताचे वाद्य आहे ही गोष्ट जेथे लपवली जात नाही तेथे. शर्मा आधी तबला शिकलेले होते, हा तपशील चरित्रकार ओझरता सांगतात. समीक्षेने तो मध्यभागी आणायला हवा. आलापात संतूर आपली उणीव झाकते, गतीत त्या उणिवेचेच व्याकरण होते.

हा भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील ल्यानोस या गवताळ मैदानांत, गुराख्यांच्या मुलखात, होरोपो नावाचे नृत्यसंगीत आहे. हार्प, क्वात्रो हे चार तारांचे छोटे वाद्य आणि माराका हे खुळखुळे, एवढाच त्याचा मूळ संच. ही ल्यानेरा हार्प सुमारे बत्तीस ते चौतीस तारांची आणि वजनाला हलकी. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील मोठ्या हार्पला पायाने दाबायच्या सात पट्ट्या असतात, त्यांनी कोमल-तीव्र स्वर बदलता येतात. डॉरोथी अ‍ॅश्बी आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांनी जाझमध्ये आणली ती ही हार्प. ल्यानेराला त्या पट्ट्या नाहीत. एका स्वरसप्तकात लावली की ती तेथेच राहते. जाझची स्वरसंगती तर दर दोन-चार मात्रांना सप्तक बदलू पाहते. संतूरला मींड नव्हती, हिला अर्धस्वर नाहीत.

एदमार कास्तान्येदा याचा जन्म 1978 सालचा, बोगोताचा, वडीलही हार्पवादक. 1994 मध्ये तो न्यूयॉर्कला आला, शाळेत ट्रम्पेटवर जाझ शिकला आणि शिकलेले हार्पवर उतरवू लागला. तारेचे टोक बोटाने दाबून हवा तो अर्धस्वर काढण्याची युक्ती त्याच्या कामी येते. पुढे कामाक या फ्रेंच हार्पनिर्मात्यांनी त्याच्या नावाची हार्पही घडवली. परंतु त्याचे महत्त्व या युक्त्यांत नाही, त्याच्या डाव्या हातात आहे. होरोपोत हार्पच्या जाड तारा केवळ आधार देत नाहीत, त्या नाचणाऱ्याच्या पायांशी बोलतात. कास्तान्येदाने हा हात जसाच्या तसा जाझमध्ये नेला. त्याच्या त्रयीत हार्पच्या जोडीला ट्रॉम्बोन आहे, ड्रम आहे. बास वाजवणारा माणूस नाही. ती जागा डाव्या हाताने घेतली आहे.

येथे लयीचा मुद्दा येतो, आणि तो या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. लॅटिन जाझ म्हणून जे ओळखले जाते ते प्रामुख्याने क्युबा आणि ब्राझील येथील दोन-चारच्या लयींवर उभे आहे. होरोपो मात्र सहाची लय. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा मोजल्या जातात. त्याच सहा मात्रा कोणी त्याच वेळी दोन-दोन-दोन अशा मोजू लागला तर जी ओढाताण होईल, ती होरोपोत अखंड चालू असते. कास्तान्येदाने आपल्या वाद्याला क्युबाची लय शिकवली असती तर ते एक चमत्कारिक वाद्य म्हणून दोन दिवस गाजले असते. त्याने जाझच्या मंडळींनाच सहा मात्रांत उभे केले. ‘एन्त्रे क्वेर्दास’ (2009) या ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोनची लांब, ओढलेली स्वरवाक्ये या दुहेरी मोजणीवर तरंगताना ऐकली की कोणी कोणाच्या घरी आले आहे, हे ठरवणे अवघड होते.

सर्वत्र असे घडत नाही. पियानोवादक हिरोमी हिच्यासह मॉन्ट्रियल येथे केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वादनात नैपुण्याची रेलचेल आहे; पण पियानोला स्वतःचा समर्थ डावा हात असतो, त्यामुळे हार्पचा डावा हात पुष्कळदा बेकार होतो आणि मग ती वेगाने, पियानोशी बरोबरी सिद्ध करण्यासाठी वाजू लागते. जॅको पॅस्टोरियस या बासवादकाला वाहिलेली तेथील रचना याला अपवाद आहे. कारण उघड आहे : जाड तारांना तेथे पुन्हा काम मिळाले आहे. टाळ्या मात्र दोन्हीकडे सारख्याच पडतात.

मुंबईत हा प्रश्न आणखी पुढे नेणारा एक वादक होऊन गेला. उल्हास बापट (2018 साली दिवंगत) यांनी संतूर बाराही स्वरांत लावले, म्हणजे राग बदलताना तारा पुन्हा लावायला नकोत. आणि मींड काढण्याची स्वतःची पद्धतही शोधली. उणीव झाकण्याऐवजी ती मुळातूनच नाहीशी करण्याचा हा प्रयत्न. त्यांच्या मैफली ऐकताना बुद्धी प्रसन्न होते, आणि तरी अधूनमधून वाटते की जे वाद्य सर्व काही करू शकते त्याला हट्टाने काही सांगायचे उरत नाही. याच बाराही स्वरांच्या संतूरला निराळी जागा सापडली ती राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात. 1966 च्या ‘पती पत्नी’पासून बोसा नोव्हाची लय हाताळणाऱ्या आणि नेपाळी मादलला चित्रपटगीतात कायमचे स्थान देणाऱ्या या संगीतकाराला कोणत्याही वाद्याची जातकुळी विचारण्याची सवयच नव्हती. ‘घर’ (1978) पासून ‘1942 अ लव्ह स्टोरी’ (1994) पर्यंत बापट त्यांच्याकडे वाजवत होते. तेथे आलाप नाही, विस्तार नाही; दोन ओळींच्या मधल्या काही सेकंदांत संतूर येते आणि जाते. सूर कोणत्याही पट्टीत जावो, त्याला थांबून तारा लावाव्या लागत नाहीत. आणि मींडेची कोणी मागणी करत नसल्यामुळे ते पुन्हा निःसंकोच ठिपक्यांनी बोलते, जसे ते मुंबईला येण्याआधी खोऱ्यात बोलत होते.