वालाच्या दाण्याचे अंतरंग

रात्रभर भिजलेला कडव्या वालाचा एखादा दाणा सोलण्याआधी जरा उजेडात धरावा. त्याच्या कडेवरून गेलेली ती शुभ्र, किंचित उचललेली रेघ बिरड्याच्या घाईत आपण पाहतच नाही. शेंगेत असताना दाणा याच जागी चिकटलेला होता आणि त्याचे सारे पोषण याच वाटेने झाले. रेघेच्या टोकाशी सुईचे अग्र जेमतेम टेकेल असे बीजरंध्र आहे. फुगलेला दाणा अलगद दाबला की तिथून पाण्याचा इवला थेंब बाहेर डोकावतो. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने वनस्पतींच्या शरीररचनेवरील आपल्या १६७२ च्या पुस्तकात आरंभालाच शेंगभाजीचा असा एक दाणा उलगडला आणि हेच छिद्र न्याहाळले. रसिकाची पारख म्हणतात ती ही!

साल सुटली की हातात येतात ती दोन मांसल बीजपत्रे. एरंडाच्या बीत अन्नसाठा निराळा असतो आणि बीजपत्रे कागदासारखी पातळ. वालाच्या भ्रूणाने मात्र शेंगेतच तो साठा संपवून पिष्ट आणि प्रथिने आपल्याच बीजपत्रांत भरून घेतलेली असतात. म्हणजे वाटीतली डाळिंबी हा जवळजवळ सगळा भ्रूणच.

आता ही दले हलक्या हाताने विलग करू आणि भिंग लावू. कडेला बाक घेऊन पहुडलेले आदिमूळ, टोक बीजरंध्राकडे. स्वयंपाकघरात आपण ज्याला मोड म्हणतो, तो हाच. आणि दोन दलांच्या मधोमध, निगुतीने घडी घातलेल्या उपरण्यासारखी, एकमेकांना बिलगलेली दोन फिकट पानुली! मातीचा स्पर्श नाही, ऊन नाही, तरी त्यांच्या शिरासुद्धा रेखलेल्या. इथे माझे भिंग नेहमीच रेंगाळते.

रायगडात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, तेव्हा आधी आदिमूळ खाली उतरते आणि मग खोड बाक देऊन माती दुभंगते, म्हणजे मागून ओढली जाणारी कोवळी पानुली दलांच्या आडोशाला सुरक्षित राहतात. वर आल्यावर खोड ताठ होते, दले फाकतात आणि ती दोन साधी पाने समोरासमोर उघडतात. त्रिदली पाने त्यानंतरची.