‘जेन झी’च्या नावावर खपलेली भाषा

८ मे २०२१ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये ‘जेन झी हॉस्पिटल’ नावाचं स्किट झालं. डॉक्टर झालेला इलॉन मस्क आणि पेशंटची मित्रमंडळी एका गंभीर प्रसंगी बोलताहेत, पण सगळं ‘ब्रो’, ‘बेस्टी’, ‘नो कॅप’ अशा भाषेत. मी हसलो. पोरांची भाषा थोरांना कळत नाही, हा विनोद तसा कुठल्याही काळात खपतो.

नंतर आलेला आक्षेप वेगळाच होता: यातले बरेचसे शब्द ‘जेन झी’चे नाहीतच.

आक्षेप बरोबर आहे. ‘कॅप’ म्हणजे फुशारकी, थाप. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात हा अर्थ कित्येक दशकं आहे. अटलांटाच्या रॅपमधून तो बाहेर पडला. २०१७मध्ये यंग थग आणि फ्यूचर यांचं ‘नो कॅप’ नावाचं गाणंच आलं. आज सर्रास वापरले जाणारे ‘शेड’, ‘स्ले’ हे तर न्यूयॉर्कच्या बॉलरूममध्ये वाढलेले शब्द. ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) हा माहितीपट पाहा. तिथली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स माणसं हे बारकावे स्वतःच समजावून सांगतात. ‘रीडिंग’ म्हणजे समोरच्याची उणीदुणी कौशल्याने काढणं. ‘शेड’ ही त्यापुढची पायरी, जिथे अपमान शब्दांत करावाही लागत नाही. कुठल्याही ‘जेन झी स्लँगचे पन्नास शब्द’छाप यादीत याचा अर्थ ‘टोमणा’ एवढाच उरतो.

आमच्या धंद्यात कोडची ओळ कोणी लिहिली हे ‘गिट ब्लेम’ सांगतं. पण फाइल्स उचलून नव्या रेपोत टाकल्या, की सगळ्या ओळी टाकणाऱ्याच्याच नावावर दिसतात. टिकटॉकवर शब्दांचं हेच झालं.

गुंतागुंत अशी, की स्किट लिहिणारा मायकेल चे स्वतः कृष्णवर्णीय. भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीला दिलेलं लांबलचक नाव आपल्याला शोधून पाहावं लागलं, अशी खिल्ली त्याने उडवली. मला ती अर्धी पटते. घरी बोलतो त्या भाषेचं शास्त्रीय नाव कोणाला माहीत असतं? पण ही भाषा त्याच्या ओळखीची होती, तर पाटीवर ‘जेन झी’ कशाला? त्यावर त्याचा टोला काहीच सांगत नाही.

डिसेंबर १९९६मध्ये ओकलंडच्या शाळा मंडळाने ‘एबॉनिक्स’, म्हणजे हीच बोली, मुलांची घरची भाषा म्हणून मान्य केली, तेव्हा देशभर टिंगल झाली होती. बोली तीच. एकाच्या तोंडी ती ‘अशुद्ध इंग्रजी’ आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘ट्रेंड’, हे मला झोंबतं. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी माझ्या ‘व्हय’वर पोरं खो-खो हसायची. आता त्यांतलेच दोघं रील टाकताना ‘व्हय की’ म्हणतात. लाइकही मिळतात.

परवा बिल्ड पास झाल्यावर टीमच्या चॅटवर मीच ‘स्ले’ टाकलं. एका सीनियरने विचारलं, “म्हणजे काय रे?” मी म्हटलं, “भारी.” बॉलरूमचं सांगायला हवं होतं, पण स्टँडअप सुरू झाला.