निजसुखदुःखाचे विघ्न : ‘फीव्हर पिच’ आणि फुटबॉल-प्रेक्षकाची भावावस्था

आपल्या काव्यशास्त्रात प्रेक्षकाची जी कल्पना रूढ आहे तिच्यात एका विशिष्ट प्रकारची आत्मविस्मृती आवश्यक मानली आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक प्रमुख विघ्न होय. जो प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झाला आहे, त्याचे चित्त रंगभूमीवरील सुखदुःखात विश्रांत होऊ शकत नाही. हे विघ्न दूर व्हावे म्हणूनच नाट्यात गीतवाद्यादींची योजना असते, असा त्याचा अभिप्राय. मराठीत न. चिं. केळकरांनी मांडलेली सविकल्प समाधीची कल्पनाही निराळ्या वाटेने याच प्रश्नाकडे येते. वाचक परकायाप्रवेश करतो, पण आपण पर नव्हे ही जाणीव तो सोडीत नाही. दोन्ही उपपत्तींत ‘स्व’ आणि ‘पर’ यांमधील एक अंतर गृहीत धरलेले आहे.

या अंतराचा ज्याला पत्ताच नाही असा एक प्रेक्षक आधुनिक जगात लाखोंच्या संख्येने आढळतो. तो म्हणजे एखाद्या फुटबॉल क्लबाचा निष्ठावंत चाहता. तो खेळ पाहावयास जातो असे म्हणणे अपुरे आहे. मैदानावर जे घडते ते आपल्यालाच घडते, अशी त्याची धारणा असते. ‘ते जिंकले’ असे तो म्हणत नाही, ‘आपण जिंकलो’ असे म्हणतो. अभिनवगुप्ताच्या निकषाने पाहिल्यास हा प्रेक्षक रसिक नव्हेच. विघ्नाने पुरता ग्रासलेला असा तो एक जीव आहे. मग अशा माणसाने आपल्या या अवस्थेविषयी लिहिले, तर त्यातून वाङ्मय निर्माण होईल काय? निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘फीव्हर पिच’ हे आत्मपर पुस्तक या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पुस्तकाची रचना प्रथमदर्शनी अगदी साधी आहे. १९६८ ते १९९२ या काळातील सामने हीच त्याची प्रकरणे. प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी खेळणाऱ्या दोन संघांची नावे व सामन्याचा दिनांक. पहिला सामना १४ सप्टेंबर १९६८ चा, लंडनमधील हायबरीच्या मैदानावरील आर्सेनल विरुद्ध स्टोक सिटी हा. लेखक त्या वेळी अकरा वर्षांचा होता. आईवडील विभक्त झालेले. वडिलांच्या भेटीचा दिवस कोठे व कसा घालवावा हा पितापुत्रांपुढील प्रश्न. आणि त्याला अकस्मात सापडलेले उत्तर म्हणजे फुटबॉल. आर्सेनलने तो सामना एका गोलाने जिंकला. परंतु मुलाच्या मनावर जे बिंबले ते विजयाहून निराळे होते. आपल्या भोवतालची प्रौढ माणसे पैसे मोजून येथे आली आहेत आणि तरीही मनापासून वैतागली आहेत, शिव्या घालीत आहेत, हे पाहून तो थक्क झाला. करमणुकीच्या ठिकाणी इतके दुःख त्याने पूर्वी पाहिले नव्हते. पुस्तकाचे बीज या निरीक्षणात आहे.

चाहत्यांना एकत्र बांधणारी वस्तू आनंद ही आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हॉर्नबीच्या लेखनातून दिसते ते याच्या उलट. १५ मार्च १९६९ रोजी वेंब्ली येथे लीग चषकाच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या श्रेणीतील स्विंडन संघाने आर्सेनलला ३-१ असे हरविले; त्या पराभवाने मुलाची निष्ठा ढळली नाही, उलट पक्की झाली. विजयाला वाटेकरी पुष्कळ मिळतात आणि ते दुसऱ्या दिवशी पांगतातही. पावसात, थंडीत, निरस बरोबरी पाहत एकमेकांना खेटून उभे राहिलेल्यांचे नाते मात्र टिकते. हे नाते सुखाच्या देवघेवीपेक्षा सोसण्याच्या भागीदारीवर उभे आहे. त्यांतील बहुतेक माणसे परस्परांची नावेही जाणत नाहीत, पण १९७१ च्या हंगामाविषयी चार वाक्ये बोलताच ती एका घरची होऊन जातात. त्या वर्षी आर्सेनलने लीग आणि एफ. ए. चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळविली होती.

या घराला पाया आहे काय, हा प्रश्नही लेखक टाळीत नाही. हॉर्नबी वाढला तो मेडनहेड या लंडनबाहेरच्या गावात. हायबरीच्या परिसराशी त्याचा जन्माचा, भाषेचा वा व्यवसायाचा संबंध नव्हता. १९७२ मध्ये रेडिंग येथील चषक-सामन्यास तो यजमान संघाच्या प्रेक्षकांत बसला असता आपण लंडनचे असल्याची बतावणी त्याने केली आणि ती उघडकीस येऊन तो ओशाळला. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. ज्याला सांगण्यासारखे गाव नाही, बोली नाही, कुलपरंपरा नाही, असा उपनगरी मध्यमवर्गीय मुलगा क्लबाच्या रूपाने एक गावच उसने घेतो. उसने असल्यामुळे ती निष्ठा खोटी ठरते असे नव्हे. निवडलेल्या निष्ठेला वारशाने आलेल्या निष्ठेपेक्षा अधिक जपावे लागते, एवढेच.

दिनांकांच्या योजनेमागील मर्म येथे लक्षात येते. सामान्य आत्मचरित्रकार जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह या टप्प्यांनी आयुष्य मोजतो. येथे आयुष्य हंगामांनी मोजले आहे. विद्यार्थिदशा, शिक्षकाची नोकरी, प्रेमभंग, मनाची उदासीनता या घटना येतात, पण कोणत्या सामन्याच्या मागेपुढे त्या घडल्या, या अनुषंगाने. या उलटापालटीत विनोद आहे. त्याचबरोबर आत्मपरीक्षणही आहे. स्वतःच्या आयुष्याकडे सरळ पाहण्याचे धैर्य नसलेला माणूस सामन्यांच्या आडून त्याकडे पाहतो आहे, हे लेखक स्वतःच वाचकास दाखवून देतो. जो विवश आहे तोच आपल्या विवशतेचा साक्षी बनतो. लेखनाच्या क्षणी निर्माण झालेले हे अंतर हेच विघ्ननिवारणाचे साधन होय. मैदानावर जे शक्य नव्हते ते कागदावर शक्य झाले आहे.

हायबरी कधीही न पाहिलेल्या मराठी वाचकासही हे लेखन आपलेसे वाटते, याचे कारणही हेच आहे. साधारणीकरण म्हणजे तपशील गाळून टाकणे, अशी समजूत कित्येकदा आढळते. प्रस्तुत पुस्तकात साधारणीकरण घडते ते तपशिलाच्या अतिरेकातून. दिनांक, गुणसंख्या, गोल करणाऱ्याचे नाव यांना लेखक ज्या हट्टाने चिकटून राहतो, तो हट्टच वाचकाच्या ओळखीचा असतो. वाचकाला आर्सेनलविषयी ममत्व वाटू लागत नाही. ममत्व म्हणजे काय, हे मात्र त्याला प्रतीत होते.

या भावावस्थेची खरी कसोटी १९८९ च्या प्रकरणांत लागते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील चषकाच्या उपान्त्य सामन्यात लिव्हरपूलचे चाहते कुंपणाने बंदिस्त केलेल्या भागात चेंगरले. या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. त्या दुपारी हॉर्नबी हायबरी येथे आर्सेनल आणि न्यूकॅसल यांचा सामना पाहत होता. गर्दीची तशी चेपाचेप त्याने स्वतः अनुभवली होती. सामना पाहताना माणूस चिरडून मरत नसतो, या भरवशावर तो निर्धास्त राहिला होता. मेलेले लोक प्रतिस्पर्धी संघाचे, पण त्यांच्या जागी आपण असू शकलो असतो, ही जाणीव येथे क्लबाच्या सीमा ओलांडते. पुस्तकात ‘आपण’ या सर्वनामाचा अर्थ प्रथमच विस्तारतो तो येथे.

या विस्ताराला एक सामाजिक बाजूही आहे. फुटबॉल-प्रेक्षक म्हणजे आवरून धरावयाचा, पिंजऱ्यात कोंडावयाचा जमाव, ही दृष्टी त्या कुंपणांच्या मुळाशी होती. दुर्घटनेनंतर दोष मृतांच्याच माथी मारण्याचा प्रयत्न झाला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांची ढिलाई हेच प्रमुख कारण ठरविले, तरी चाहत्यांच्या वर्तनाचा दोष नव्हता आणि त्या लोकांचा मृत्यू बेकायदेशीर कृतीने झाला, हा ज्यूरीचा निर्णय येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. जमावातील एका माणसाला अंतःकरण असते, स्मृती असते, स्वतःला हसण्याची बुद्धी असते, एवढेच हॉर्नबीने १९९२ साली दाखविले. त्या काळी एवढे दाखविणे हीही लहान गोष्ट नव्हती.

याच दुर्घटनेमुळे एप्रिलमध्ये व्हावयाचा लिव्हरपूल–आर्सेनल सामना पुढे ढकलला गेला आणि २६ मे १९८९ रोजी अॅनफील्ड येथे हंगामाच्या अखेरीस झाला. विजेतेपदासाठी आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक होते. सामन्यापूर्वी आर्सेनलच्या खेळाडूंनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना पुष्पगुच्छ दिले; आणि अखेरच्या क्षणी मायकेल टॉमसने केलेल्या दुसऱ्या गोलाने अठरा वर्षांनंतर विजेतेपद आर्सेनलकडे आले. दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्या लेखकाच्या आयुष्यातील हा परमानंदाचा क्षण. या आनंदाचा मुहूर्त दुसऱ्यांच्या मरणाने ठरविलेला आहे, ही गोष्ट दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचणाऱ्यास विसरता येत नाही. शोक आणि हर्ष यांची ही सांगड लेखकाने कल्पिलेली नाही, ती घडलेली आहे. तिच्यावर अलंकार न चढविण्याचा संयम त्याने पाळला, हा त्याच्या लेखणीचा गुण होय.

तरीही पुस्तकाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. सहभागाची इतकी चर्चा करणाऱ्या या लेखनात शेजारी उभा असलेला माणूस क्वचितच व्यक्ती म्हणून साकार होतो. समुदाय आहे, पण सहप्रवासी नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून प्रेक्षकांतून उठणाऱ्या द्वेषपूर्ण आरोळ्यांची नोंद लेखक लाजून करतो, पण ‘आपण’ म्हणविणाऱ्या समूहात तेही लोक मोडतात, या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करीत नाही. वारशाने क्लब लाभलेल्या कामगार-प्रेक्षकाचे अनुभवविश्व तर बहुतांशी बाहेरच राहते.

यापुढील इतिहासाने पुस्तकाला एक करुण छटा दिली आहे. टेलर अहवालानंतर उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या मोठ्या मैदानांवरून गेल्या. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. २००६ मध्ये हायबरीवर अखेरचा सामना होऊन पुढे तेथे निवासी इमारती झाल्या. पुस्तकावर १९९७ साली इंग्लंडमध्ये चित्रपट निघाला. २००५ च्या अमेरिकन रूपांतरात तर आर्सेनलच्या जागी बोस्टनचा बेसबॉल संघ आला. तो संघ २००४ मध्ये ८६ वर्षांनी प्रत्यक्षात जिंकल्यामुळे चित्रपटाचा शेवट बदलावा लागला. मूळ पुस्तकास अशा शेवटाची गरज नव्हती. १९८९ च्या विजयानंतरही ते थांबत नाही. पुढला हंगाम येतो, पुन्हा निराशा येते, आणि माणूस पुन्हा मैदानाकडे जातो.

अभिनवगुप्ताचे विघ्न विघ्नच राहते. मैदानावरील चाहता त्यातून सुटत नाही, आणि सुटावे अशी त्याची इच्छाही नसते. परंतु या विवशतेची प्रामाणिक नोंद झाली, म्हणजे ती दुसऱ्याच्या आस्वादाचा विषय होऊ शकते आणि क्वचित प्रसंगी दुसऱ्याच्या दुःखापर्यंत नेणारी वाटही होते. हॉर्नबीच्या पुस्तकाचे महत्त्व यात आहे.