प्लास्टिकचा ट्रॉम्बोन : दोष पदार्थाचा की घडणीचा?

पितळी वाद्याचा आवाज पितळेतून येतो, असे आपण सहज धरून चालतो. इंग्लंडमधील वॉरिक म्युझिक या कंपनीने २०१०-११ च्या सुमारास ‘पीबोन’ हा एबीएस प्लास्टिकचा ट्रॉम्बोन बाजारात आणला आणि पुढे त्याच पदार्थाचा ‘पीट्रम्पेट’ काढला. मुलांच्या हाती पहिले वाद्य म्हणून ही वाद्ये अनेक ठिकाणी दिली जातात. ‘प्लास्टिकचे, म्हणजे आवाज पोकळ असणारच’ असे म्हणून पुष्कळजण ती बाजूला सारतात, तर ‘स्वस्त आणि हलके, मग उत्तमच’ असे म्हणून काहीजण ती घेतात. दोन्ही निर्णय न तपासता घेतलेले आहेत. या वाद्यांचे गुणदोष पाहायचे तर आवाज नेमका कशाचा, इथून सुरुवात करावी लागेल.

सतारीत तार छेडली की तिचे कंपन घोडीतून तबलीला मिळते आणि ती लाकडी तबलीच आसपासची हवा हलवते. तिथे लाकडाचा प्रकार महत्त्वाचा ठरणारच. ट्रॉम्बोनमध्ये तसे नाही. वादकाचे ओठ मुखनळीत फुरफुरतात आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. ध्वनी निघतो तो या हवेतून. नळीची भिंत हवेला केवळ आकार देते. म्हणूनच शंख हा कवचाचा असूनही तुतारी आणि ट्रॉम्बोन यांच्याच कुळातला आहे, आणि सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्या कुळात बसत नाही. कारण त्यात ओठांऐवजी वेताची पट्टी कंप पावते.

भिंतीचा परिणाम मग शून्य म्हणायचा का? हा प्रश्न प्रयोगांनी तपासला गेला आहे. अमेरिकेतील जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबे आणि लाकूड अशा वेगवेगळ्या पदार्थांच्या, पण आतून सारख्या बासऱ्या पडद्याआडून ऐकवल्या. श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. ब्रिटनमधील वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी १९८६ मध्ये ट्रॉम्बोनच्या कर्ण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कर्ण्यांच्या पत्र्याची जाडी वेगवेगळी होती. डोळे बांधल्यावर निष्णात वादकांनाही ते वेगळे ओळखता आले नाहीत. उलट, थॉमस मूर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ट्रम्पेटचा कर्णा वाळूच्या पिशव्यांनी दाबून त्याचे कंपन थांबवले, तेव्हा ध्वनीत मोजता येण्याजोगा फरक आढळला. म्हणजे परिणाम आहे, पण लहान आहे. ‘प्लास्टिक म्हणून आवाज वाईट’ एवढे मोठे विधान तो पेलू शकत नाही.

जोरात वाजवताना पीबोनमध्ये पितळी झळाळी कमी पडते, अशी वादकांची तक्रार असते. ही झळाळी येते कुठून? हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, ट्रॉम्बोन जोरात फुंकला की त्याच्या लांब, अरुंद नळीतून जाताना दाबाची लाट अधिकाधिक उभी होत जाते आणि शेवटी तिची आघात-तरंग बनते. तीव्र, चमकदार स्वर मिळतो तो यातून. ही घडामोडही हवेतलीच आहे. तेव्हा उणीव असेल तर ती नळीचा व्यास, कर्ण्याचा उतार, सांध्यांतील गळती यांत आधी शोधावी, रसायनशास्त्रात नंतर.

आता वाजवण्याच्या सोयीकडे वळू. आवाज आणि सोय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि परीक्षण करताना त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पीबोनचे वजन सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे पितळी ट्रॉम्बोनच्या साधारण निम्मे. दहा वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताला हा फरक मोठाच आहे. प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने थंडीत ओठाला चटका बसत नाही. पडल्यावर पोचाही येत नाही. मात्र तडा गेला तर पोचा काढण्याइतकी दुरुस्ती सोपी राहत नाही. सरकती नळी चांगल्या पितळी वाद्याइतकी अलगद धावत नाही, ही उणीव खरी आहे. हाताला जाणवणारे धातूचे कंपनही वेगळे लागते. वादकाला ते महत्त्वाचे वाटते, श्रोत्यापर्यंत मात्र ते पोचत नाही.

ट्रम्पेटची गोष्ट अधिक अवघड आहे. त्यात तीन दट्ट्यांच्या झडपा असतात आणि दट्ट्या व त्याचे घर यांतील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच ठेवावी लागते. फट वाढली तर हवा गळते, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. एबीएस हे उष्णतेने पितळेच्या सुमारे चौपट प्रसरण पावते. तेव्हा झडपा जड चालणे किंवा अडकणे ही तक्रार कल्पनेतली नाही. पदार्थाचा दोष खरा कुठे बाधतो, तर इथे, हलत्या भागांत. कंपनीने पुढच्या आवृत्तीत झडपांसाठी धातूची मदत घेतली, ती योग्यच होती.

हे सारे वर्गात पडताळून पाहता येईल. सुमारे दीड मीटर लांबीच्या, आतून सारख्या व्यासाच्या दोन नळ्या घ्या. एक धातूची, एक पीव्हीसीची. दोन्हींच्या तोंडाला रबरी नळीचा सारखाच तुकडा बसवा. फुंकणाऱ्याचे डोळे बांधा आणि नळी दुसऱ्याला धरायला सांगा. नाहीतर वजन आणि गारवा गुपित फोडतील. वर्ग पाठमोरा बसवून कोणती नळी वाजली ते वहीत लिहायला सांगा. प्रत्येक वेळी फुंकण्यापूर्वी रबर साबणाने धुवावे. मग पीव्हीसीच्याच नळीच्या टोकाला एक नरसाळे घट्ट बसवून पुन्हा फुंका. ओळखायला कुणालाच अडचण पडणार नाही. पदार्थ बदलून जे साधले नसेल, ते आकार बदलून साधलेले मुलांना स्वतःच्या कानांनी कळेल.

म्हणून निकाल असा : नवशिक्या मुलासाठी प्लास्टिकचा ट्रॉम्बोन जरूर घ्यावा, ट्रम्पेट मात्र झडपा स्वतः दाबून पाहिल्याखेरीज घेऊ नये. आणि वाद्य कोणतेही असो, आवाजाचा निकाल देताना डोळे मिटावेत.